एकोणिसाव्या मजल्यावरची काच

लोक काशीला जातात, काश्मीरला जातात. मी यंदा काचा बघायला ठाण्याला जाऊन आलो. परत आल्यावर ज्याला त्याला हे सांगितलं आणि ज्याने त्याने विचारलं, "का हो, तुमच्या दुकानात कमी आहेत का?"

प्रश्न रास्त आहे. चिपळूणच्या बाजारात माझं काचेचं आणि फोटो फ्रेमचं दुकान आहे. आता ते मुलगा चालवतो. मी बाजूला खुर्ची टाकून बसतो आणि त्याने न मागितलेले सल्ले देतो. त्यामुळे भाचा मंदार याचा फोन आला तेव्हा मुलानेच मला उत्साहाने गाडीत बसवून दिलं.

मंदारचा फोन मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "मामा, आई गावी जायचं म्हणतेय. कायमची. मी बोललेलो तिच्याशी, पण ती ऐकतच नाही."

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, सुलभाआक्का. लग्न झाल्यापासून ती डोंबिवलीत राहिली. भावजी गेले, मग त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि आक्का मुलाकडे ठाण्याला आली. गावचं आमचं घर मी चांगलं ओळखतो. डोंगराच्या पोटात एकटं उभं आहे, शेजारी माणूस नाही, फोनला रेंज नाही, आणि अंगणात उतरायच्या पायऱ्या अशा की धडधाकट माणूसही देवाचं नाव घेऊन उतरतो. आक्काचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिथे ती एकटी राहणार म्हणजे काय होणार, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच.

"तिला इथे झोप लागत नाही रे," मंदार म्हणाला. "आवाजाने असणार. सगळ्या घराला मी डबल काच बसवून घेतली. किचनमागच्या धुण्याच्या जागेतली एक खिडकी तेवढी बिल्डरने दिलेली साधी राहिलीय. तू ये, माप घे, मस्त जाड काच बसव. आणि तिला समजाव. ती म्हणते, मामा रविवारी परत जाईल तेव्हा त्याच्याबरोबरच निघते."

असं ठरलं. रविवारच्या परतीची दोन तिकिटं काढली होती आणि त्यातलं एक वाया घालवायचं काम माझ्याकडे होतं.

बुधवार, ठाणे

घोडबंदर रोडवर उतरलो आणि मान वर केली ती बराच वेळ वरच राहिली. आमच्याकडे घर बांधतात आणि त्याला खिडक्या ठेवतात. इथे आधी काच उभी करतात आणि तिच्या आत माणसं ठेवतात असं वाटलं. निळसर काचांच्या त्या इमारतींत समोरचा येऊरचा डोंगर अख्खा दिसत होता. खऱ्या डोंगराकडे पाठ करून मी काचेतला डोंगर बघत राहिलो, कारण तो जास्त स्वच्छ होता.

त्या तंद्रीतच मंदारच्या इमारतीच्या दारावर जाऊन आदळलो. दार काचेचं होतं, इतकं पुसलेलं की नव्हतंच. जन्मभर काच विकलेल्या माणसाचं नाक काचेवर आपटलं. वॉचमन धावत आला. "काका, सगळे आपटतात," तो म्हणाला. एवढी प्रेमळ थाप मला कोणी मारली नव्हती.

वर एकोणिसाव्या मजल्यावर आक्काने दार उघडलं. नेहमी ती मला बघून आधी ओरडते, मग रागावते, मग पाणी देते. या वेळी नुसतं "आलास? बस," म्हणाली आणि आत गेली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालेलं. सून रश्मी हळूच म्हणाली, "मामा, आई हल्ली बोलतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, सगळं छान आहे." हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या काचेच्या दारावर आक्काच्या डोळ्यांच्या उंचीला तीन लाल टिकल्या चिकटवलेल्या होत्या. दार आहे हे कळावं म्हणून. माझं नाक अजून ठणकत होतं, त्यामुळे ती युक्ती मला फार पटली.

चहा झाल्यावर मंदारने काचा दाखवायला सुरुवात केली. मी एक आगपेटी मागितली. ही आमची जुनी खोड. जळती काडी खिडकीजवळ धरली की एका काचेत दोन ज्योती दिसतात, एक पुढच्या पाठीवरची आणि एक मागच्या. इथे चार दिसल्या. म्हणजे काचा दोन, मध्ये बंद हवा. त्यातली एक ज्योत जरा वेगळ्या रंगाची होती. त्या पाठीवर धातूचा इतका पातळ थर असतो की डोळ्यांना दिसत नाही. उजेड आत येतो, उन्हाची धग बाहेर राहते. आमच्या लहानपणी काचेतून बघितलं की समोरची नारळीची झाडं वाकडी दिसायची, काचेत बुडबुडे असायचे. मग वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली काच आली आणि झाडं सरळ झाली. आता काच ऊन आणि उजेड वेगळे करते. मी काडी धरून हे सगळं मनातल्या मनात म्हणत होतो आणि मंदार छतावरच्या धुराच्या भोंग्याकडे बघत ओरडत होता, "मामा, विझव ती आधी!"

"आता ऐक," म्हणत त्याने खिडकी ओढून घेतली. खालचा अख्खा रस्ता गप्प झाला. ट्रक, रिक्षा, हॉर्न, सगळं तोंड हलवणाऱ्या माणसांसारखं. त्यानेच समजावलं की दोन काचांची जाडी मुद्दाम वेगवेगळी ठेवतात, एकीतून निसटलेला आवाज दुसरी अडवते. मी थक्क झालो. "आक्का, काय घर आहे गं!" म्हणालो.

"हो, काचा फार छान आहेत," आक्का म्हणाली आणि भाजी निवडायला घेतली.

मग मी कामाला लागलो. धुण्याच्या जागेतली ती खिडकी इमारतीच्या आतल्या उभ्या पोकळीत उघडते. तिथे सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं एकमेकांना पाठ लावून आहेत. बाहेरून लोखंडी गज, आतून सरकती साधी काच, तीही एका जागी अडकून बसलेली. मंदारच्या म्हणण्याप्रमाणे ती काढून एकच जाड, न उघडणारी, भट्टीतून कडक केलेली काच बसवायची.

"आणि कपडे कुठे वाळणार?" आक्काने विचारलं.

"मशीन आहे ना आई."

"मशीन आहे," आक्का म्हणाली आणि विषय संपला.

मी फूटपट्टी लावली. आमच्या धंद्यात माप सुतात चालतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि माप कितीही नेमकं घेतलं तरी वर दोन सूत जास्त धरायचे ही आमची रीत. चौकट कधी काटकोनात नसते. कमी पडलेली काच वाढवता येत नाही, जास्त असलेली जागेवर हिऱ्याने कापता येते. माझ्या हाताने कागदावर माप लिहिलं आणि दोन सूत चढवून लिहिलं. रश्मीने त्याचे मिलीमीटर करून कारखान्याला पाठवले.

संध्याकाळी तिने मला शेजारच्या नव्या इमारतीतलं नमुन्याचं घर दाखवायला नेलं. तिथल्या न्हाणीघराची भिंत काचेची होती. बटण दाबलं की आरपार, बंद केलं की दुधासारखी.

"लाइट गेली तर?" मी घाबरून विचारलं.

"काका, लाइट गेली की काच आपोआप पांढरी होते," विकणारा तरुण म्हणाला.

"मग आमच्याकडे ती कायम पांढरीच राहील," मी म्हणालो. तो हसला. मला मात्र अजून कळलेलं नाही की भिंत आरपार करायचं बटण मुळात ठेवलंच कशाला.

गुरुवार, डोंबिवली

आक्काला समजवायचं तर तिला घराबाहेर काढावं असा मी बेत केला. माणकोलीच्या नव्या पुलावरून गेलो. खाडी संपते न संपते तोच डोंबिवली येते. गाडीतून उतरताना मी तिचा हात धरला, तर तिने झटकला. "माझं गाव आहे हे," म्हणाली.

तिच्या जुन्या इमारतीला हिरवं कापड गुंडाळलेलं होतं आणि आत हातोडे चालू होते. काढलेल्या खिडक्या फुटपाथवर भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी तिथे बसलोच. काय नव्हतं त्यात! सर्वात जुन्या सागवानी झडपा, त्यांना उभ्या रेघांची नक्षीची काच, म्हणजे उजेड येईल पण समोरच्याला काही दिसणार नाही. मग लुव्हर, एकावर एक आडव्या काचेच्या पट्ट्या, दांडी ओढली की एकदम उघडणाऱ्या. पुढे सरकत्या ॲल्युमिनियमच्या, काळसर काचांच्या. एका इमारतीत लोकांनी जसजसा हातात पैसा आला तसतशा खिडक्या बदलल्या होत्या. ठाण्याच्या काचा बघून आल्यावर मला हा ढीग जास्त ओळखीचा वाटला.

मी पट्ट्या हाताळत होतो तोवर आक्का गायब. बघतो तर रस्त्याच्या मधोमध उभी राहून भाजीवाल्याशी, इस्त्रीवाल्याशी आणि वरच्या गॅलरीतल्या कोणाशी तरी एकाच वेळी बोलतेय. रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहणाऱ्या तिच्या मैत्रीण सुमनताई खाली आल्या आणि आम्हाला हाताला धरून वर घेऊन गेल्या.

"अगं, काय ही तब्येत!" त्या म्हणाल्या. "मुलगा जेवायला घालत नाही की काय?"

"घालतो गं. माझंच मन लागत नाही जेवणात."

जेवायला पोळी, वालाची उसळ आणि सोलकढी. आमच्याकडे पाहुण्याला तिसरी पोळी विचारून वाढतात. सुमनताई विचारत नाहीत. आक्काने दोनदा भात घेतला. हात धुऊन ती खिडकीजवळच्या खुर्चीत टेकली. खिडकी रस्त्यावर, लुव्हर सगळे उघडे, खाली रिक्षांचा अखंड गोंगाट, पलीकडे हातोडे, मध्येच कोणी रद्दीवाला ओरडून गेला. आणि आक्का घोरायला लागली. टेकल्या टेकल्या. चांगली तासभर झोपली.

"दमली बिचारी प्रवासाने," मी सुमनताईंना म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघितलं.

परतताना गाडीत मी समजवायचं काम सुरू केलं. गावी दिवाबत्तीला कोणी नाही, डॉक्टर नाही, गुडघे असे. आक्का सगळ्याला "हो रे" म्हणाली. शेवटी म्हणाली, "तिथे निदान कावळा तरी ओरडतो." मला वाटलं, म्हातारी हट्टाला पेटली आहे. ठाण्याला दारात पोचलो आणि तिचा चेहरा पुन्हा कालच्यासारखा मिटला.

शुक्रवार, कल्याण

आमची काच त्या दिवशी भट्टीत जाणार होती. मंदार म्हणाला, "बघून ये, तुला मजा येईल." आक्का म्हणाली, "तसाच पुढे टिटवाळ्याला जाऊन गणपतीला सांगून ये." काय सांगू, ते बोलली नाही.

कल्याण-शीळ रस्त्याच्या आत एका मोठ्या पत्र्याच्या छपराखाली तो कारखाना आहे. प्राजक्ता नावाची तरुण इंजिनियर मला घ्यायला आली. खडवलीची मुलगी, भातसा नदीच्या काठी घर. बोलणं फटाफट आणि आवाज भट्टीच्या वर चढवलेला.

"काका, तुमच्याकडे भट्टी नाही ना?"

"आमच्याकडे हिरा आहे," मी म्हणालो. ती हसली. मला जरा मान मिळाल्यासारखं वाटलं.

काच रुळांवरून हळूहळू आत जाते. सहाशे अंशांच्या वर तापते, लालसर होते, मऊ पडायच्या बेतात येते आणि तेवढ्यात बाहेर काढून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत. पाठीचा भाग पटकन आवळतो, पोट सावकाश निवतं. मग पाठ पोटाला दाबून धरते आणि पोट पाठीला ओढून. "ही ओढाताण आहे म्हणून ती एवढी दणकट," प्राजक्ता म्हणाली. "हातोडा पडला तरी सहन करेल. पण एकदा भट्टीतून आली की तिला कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, कडेला हात लावायचा नाही. जे काय करायचं ते आधी."

"होय, होय. माहीत आहे," मी म्हणालो. माहीत होतंच. टेबलावरच्या तयार काचा आम्ही अशाच मागवतो.

"तुमचं माप फायनल ना, काका?"

"एकदम," मी म्हणालो.

हे बोलताना माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला हवं होतं. टोचलं नाही. मी भट्टीकडे बघत होतो. आमची काच रुळांवरून बाहेर आली, झोतांखाली थरथरली आणि शांत झाली. मला ती चक्क गोंडस वाटली. प्राजक्ताने मग दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा घालून चिकटवलेली काच दाखवली, बाल्कनीच्या कठड्याची. फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, खाली पडत नाहीत. मंदारच्या बाल्कनीत मी दोन दिवस कठड्यापासून हातभर लांब उभा राहत होतो, ते का, हे तिला सांगितलं नाही.

दुपारी कल्याणात वडा खाल्ला. इथे एका घराच्या खिडकीतून वडे विकत म्हणे, पुढे गावभर तशी पद्धत पडली. वडा घ्यायला दुकानाऐवजी खिडकीशी उभं राहायचं ही कल्पना मला फार आवडली. तिखट मात्र कोकणी माणसाला पुरे पडेल असं. तिथून टिटवाळ्याला. वाटेत नव्या इमारतींच्या दर्शनी भागाला निळ्या काचांचे उभे पट्टे लावलेले दिसले. एकीची काच अजून बसायची होती, तिथे बघितलं तर मागे विटांची भिंत! म्हणजे काचेतून बघायचं काही नाही, काच नुसती लोकांनी बघायची. गणपतीसमोर उभा राहिलो आणि साधंच मागितलं. आक्काला इथे ठेव.

शनिवार, ठाणे

सकाळी काच आली. फिटरने जुनी सरकती खिडकी उचकटून काढली आणि भंगारवाल्याबरोबर खाली पाठवूनही दिली. मग नवी काच दोघांनी धरून चौकटीला लावली. बसेना. तिरकी करून बघितली. बसेना.

"काका, सहा मिलीमीटर जास्त आहे," फिटर म्हणाला.

सहा मिलीमीटर म्हणजे दोन सूत. बुधवारी कागदावर चाललेला माझा हात मला लख्ख दिसला.

"परत पाठवू. नवी चार-पाच दिवसांनी येईल," फिटर म्हणाला.

चार-पाच दिवसांनी आक्का गावच्या पायरीवर असणार होती. मंदार माझ्याकडे बघत होता. आणि मग मी ते केलं. म्हणालो, "कापायची नाही हे बरोबर. पण कड जरा घासली तर काय होतंय? घासणं म्हणजे काही कापणं नव्हे."

फिटरने सरळ हात जोडले. "मी नाही करणार, काका." मग मी त्याची घासायची मशीन मागून घेतली, जमिनीवर गोधड्या पसरल्या, सगळ्यांना दाराबाहेर काढलं, चष्मा लावला आणि कोपऱ्याला मशीन टेकवली.

धाड! हातात काच होती आणि पुढच्या क्षणी नव्हती. अख्खी धुण्याची जागा खडीसाखरेने भरून गेली. मला एक ओरखडा नाही, ही त्या काचेचीच कृपा. फुटली की तिचे असे बोथट खडे होतात. दाराबाहेरून आधी किंकाळी आली आणि मग, मी शपथेवर सांगतो, आक्काचं हसणं. पदर तोंडाला लावून हसत होती. "अजून तसाच आहेस," म्हणाली.

मंदार हसला नाही. खडे भरून झाल्यावर हळू आवाजात म्हणाला, "मामा, तू काचवाला आहेस ना रे?" ओरडला असता तर बरं झालं असतं. माझी मान वर होईना. ज्या कामासाठी बोलावलं तेवढंच एक काम, आणि तेही मी माझ्या हाताने मातीत घातलं. त्याने त्या रिकाम्या चौकटीला प्लॅस्टिकचा कागद ताणून लावला. हॉलमध्ये आक्काची पिशवी भरून तयार होती. "जाऊ दे रे," ती मुलाला म्हणाली. "उद्या निघायचंच तर आहे."

रविवार

सकाळी उठलो तर आक्का तिच्या खोलीत नव्हती. अंथरूण तसंच घडी घातलेलं. मंदार घाबरून बाल्कनीकडे धावला, रश्मी जिन्याकडे. मी स्वयंपाकघरात गेलो आणि थबकलो. धुण्याच्या जागेच्या दारात चटई टाकून आक्का झोपली होती. गाढ. तोंड उघडं, घोरणं चालू, उन्हाचा पट्टा पायांपर्यंत आलेला. प्लॅस्टिकचा कागद तिने वर दुमडून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवला होता, आणि त्या उघड्या चौकटीतून कुठूनतरी नळाचा, कुठूनतरी भांड्यांचा, कुठूनतरी कोणाला तरी आंघोळीला हाकलल्याचा आवाज आत येत होता.

मला तेव्हा कळलं. सुमनताईंची ती नजर आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

आक्का उठली ती आम्हा तिघांना भोवती बघून दचकली. मंदार खाली बसला. "आई, जमिनीवर का झोपलीस?"

"झोप लागली रे," ती म्हणाली, जणू चोरी पकडली गेली होती. "खाली कोणीतरी उशिरापर्यंत भांडी घासत होतं. एक बाळ रडत होतं, त्याच्या आईने किती वेळ गाणं म्हटलं. ऐकता ऐकता डोळा लागला." मग म्हणाली, "इथे माणसं राहतात, मंदार. मला वाटायचं एवढ्या मोठ्या इमारतीत आपण तिघंच आहोत. तुम्ही कामाला गेलात की मी मेले की जिवंत आहे, मलाच कळायचं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने काचा लावल्यास. माझ्यासाठी लावल्यास ना?"

रश्मी डोळे पुसत चहा करायला गेली. मला वाटलं झालं, प्रश्न सुटला. पण आक्काने आंघोळ केली, प्रवासाची साडी नेसली आणि पिशवी दाराशी आणून ठेवली. तिकीट काढलंय, ठरलंय, असा तिचा एकंदर चेहरा. ठरलेलं मोडायला तिलाही काहीतरी निमित्त हवं होतं आणि ते आम्हाला कोणालाच देता येत नव्हतं. आम्ही गुपचूप उपमा खाल्ला.

तेवढ्यात त्या चौकटीतून जळक्या मोहरीचा वास आत आला. आक्काने नाक फुलवलं. एकदा दाराकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे. मग गुडघे विसरून ताडताड आत गेली आणि गजांना तोंड लावून ओरडली, "अगं, कोण ती? तेल फार तापलंय! मोहरी जळतेय तुझी!"

खाली झारा खणकन पडला. मग एक घाबरलेला कोवळा आवाज आला. "सॉरी काकू! कुठून बोलताय तुम्ही?"

"एकोणिसाव्यावरून. तू?"

"सोळाव्या. काकू, आता काय करू?"

"ओतून टाक आणि नवीन तेल घाल. काय करतेयस?"

"आमटी. सासूबाई यायच्यात जेवायला, पहिल्यांदा."

"अगं बाई!" आक्का म्हणाली, आणि पुढे जे सुरू झालं त्यात आम्हाला जागा नव्हती. चिंच की आमसूल, गूळ किती, डाळ शिजली का. आक्काचा आवाज दर वाक्याला चढत होता. मंदार दाराला टेकून ऐकत होता, तोंडावर हात ठेवून.

निघायची वेळ टळायला आली. खाली रिक्षा येऊन थांबली. मी माझी बॅग उचलली, आत गेलो. "आक्का, चल. गाडी चुकेल."

"आत्ता कशी येऊ?" ती मागे न बघता म्हणाली. "भाताचा कुकर लावून ती आंघोळीला गेलीय. शिट्ट्या मोजायला मला सांगितलंय. दोन झाल्या."

मंदार हॉलमध्ये गेला, दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवली. येताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला मिठीच मारली. इतक्या मोठ्या माणसाने. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तिसरी शिट्टी झाली. आक्काने दोन्ही हातांनी गज धरले आणि भर रस्त्यात मारावी तशी हाक मारली, "ए सोळावाली! कुकर!"

कोण ओरडतंय ते बघायला वर-खाली कुठेकुठे खिडक्या सरकल्या. आक्काने मान वाकडी करून वर बघितलं, खाली बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू हो पुढे. आता या सगळ्यांना सांगायला नको का, मी कोण ते?"